पगार कमी झालाय आणि टीव्ही बघून महिना १२०० चं दान लावून बसलोय, ताई काय करू?

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका भाऊंचा मेल आलाय, नाव नको म्हणालेत. थोडक्यात सांगते. जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी मशीनवर आहेत, वय ४४. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद, दोन शिफ्टची एक झाली आणि हातात येणारे ४२ हजार आता ३१ हजारांवर आलेत, ते पण सातला यायचे ते आता कधी दहाला कधी बाराला. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला जेवणं उरकून टीव्ही लावला तर एका लहान मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मदतीचं आवाहन चालू होतं, खालच्या पट्टीवर जमा झालेला आकडा वाढतोय, 'रोजचे फक्त ४० रुपये' म्हणतायत, आणि यांनी मोबाइलवर क्यूआर स्कॅन करून महिना १२०० चं ऑटोपे लावून टाकलं. वहिनींना दुसऱ्या दिवशी मेसेज दिसला. 'आधी पोटोबा मग विठोबा' एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. आता भाऊंच्या डोक्यात असं आलंय की ६० हजारांची एफडी पडून आहे, ती मोडून एकदाच ५० हजार देऊन टाकावेत आणि ऑटोपे बंद करावं, म्हणजे त्या मुलीचं काम पण होईल आणि घरातली कटकट पण मिटेल. आणि शेवटी विचारलंय, "चांगले दिवस होते तेव्हा मी कधी कुणाला पाचशेची नोट काढून दिली नाही, आता खिसा फाटलाय तर हात सैल का सुटला? मी मूर्ख आहे का?"

मूर्ख नाही. पण ऑटोपे आज रात्रीच बंद करा आणि एफडीला हात लावू नका. हे आधी सांगून टाकते कारण ऑटोपे कापलं जायची तीन तारीख जवळ आलीये, बाकीचं चहा घेत वाचा.

खर्चाची यादी पाठवलीत ते फार बरं केलंत, निम्मे लोक पाठवतच नाहीत आणि मग मला अंदाजपंचे दाहोदरसे सांगावं लागतं. तर घराचा हप्ता ११,८००, किराणा-दूध-भाजी-गॅस ९,०००, दोन्ही मुलांची फी आणि ट्युशन ४,५००, लाइट बिल-पेट्रोल-मोबाइल ३,२००, आईंची औषधं १,५००. झाले ३०,०००. येतात ३१,०००. उरतात हजार, आणि त्या हजारातून तुम्ही १२०० द्यायला निघालायत. टीव्हीवाला रोजचे ४० म्हणतो तेव्हा ते चहा-सेवउसळीच्या पैशांसारखे वाटतात, पण कापले जातात महिन्याचे १२००, वर्षाचे १४,४००, आणि ऑटोपेला कंटाळा येत नाही, आपण विसरलो तरी ते चालूच.

त्याहून मोठी गडबड तारखांची आहे. तुमचं स्टेटमेंट बघितलं, एक तारखेला खात्यात १२,४०० होते. पगार दहाच्या आधी येत नाही. ऑटोपे तीनला, हप्ता पाचला. तीनला १२०० गेले की राहिले ११,२००, आणि पाचला बँक मागणार ११,८००. सहाशे रुपयांसाठी हप्ता बाउन्स! मग बाउन्सचा चार्ज, त्यावर जीएसटी, आणि क्रेडिट स्कोअरवर डाग पडू शकतो तो वेगळाच. उद्या खरंच नोकरी गेली आणि बँकेकडे हप्ता पुढे ढकलून मागायची वेळ आली तर हा एक बाउन्स तुमच्या आडवा येईल. म्हणून म्हणतेय आज रात्रीच. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असं लिहिलेलं असतं, तिथे जाऊन ते कॅन्सल करायचं, संस्थेची परवानगी लागत नाही. आणि अपराधी वाटून घेऊ नका, तुम्ही त्या मुलीच्या हातातून काही हिसकावून घेत नाहीयात.

आता तुमचा खरा प्रश्न, की आत्ताच का?

हे तुमच्या एकट्याचं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीवर कॉमिक रिलीफ या संस्थेचा रेड नोज डे असतो, रात्रभर गाणी-विनोद आणि मधेमधे मदतीची आवाहनं. २००७ च्या त्या रात्री ४ कोटी पौंडांच्या आसपास जमले होते. मग २००८ ची मंदी आली, बँका बुडाल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सगळ्यांना वाटलं आता कोण देणार, आणि मार्च २००९ मध्ये त्याच कार्यक्रमात एका रात्रीत ५ कोटी ७० लाखांच्या वर गेले. त्याच काळात अमेरिकेत वर्षभराचं एकूण दान मात्र घटलं होतं. म्हणजे मंदीत माणूस सरसकट उदार होतो असं काही नाही, पण समोर चेहरा आला की हिशोबाची वही बाजूला पडते.

चेहऱ्याचं तर मोजमापच झालेलं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या तिघांचा २००७ चा प्रयोग आहे. लोकांना पाच-पाच डॉलर हातात दिले आणि आफ्रिकेतल्या भुकेसाठी यातले किती द्याल असं विचारलं. काहींना फक्त आकडे दाखवले, इतके लाख लोक उपाशी वगैरे, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी दुप्पट, २.३८. आणि मजा म्हणजे ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले त्यांनी १.४३ वरच हात आखडला. आकडे आले की डोकं चालू होतं आणि डोकं चालू झालं की हात आखडतो. टीव्हीवाल्यांना हे पक्कं माहितीये, म्हणून ते तुम्हाला हृदयाचा त्रास असलेली हजारो मुलं दाखवत नाहीत, एकच दाखवतात, तिची वेणी, तिची शाळेची बॅग. (मी हे वाईट म्हणत नाहीये हं. त्यांनी तसं केलं नाही तर त्यांच्याकडे पैसे येणार नाहीत, आणि ऑपरेशन तर करायचंच आहे.)

पण मला विचाराल तर तुमच्या बाबतीत चेहरा निम्मंच कारण आहे. तुम्ही मेलमध्ये मधेच एक वाक्य लिहून गेलात, 'साहेबांनी ओव्हरटाइम बंद सांगितला त्या दिवसापासून मी कुणाकडे तरी मागायला गेलोय असं वाटतं.' हे आहे खरं. वाईट काळात माणसाला भीती असते की आपण देणाऱ्यांतून मागणाऱ्यांत जाऊन पडू, आणि रात्री साडेदहाला १२०० रुपयांत कुणीतरी सांगतं की नाही रे, तू अजून देणाऱ्यांतच आहेस. स्वस्तच पडलं म्हणायचं. फक्त हप्ता तुमच्या खात्यातून जातोय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इथे बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा हे मी जवळून बघितलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर छातीभर पाणी, कुणाच्या गाड्या गेल्या कुणाचे फ्रिज, मगर दिसली मगर दिसली असा ओरडा वेगळाच. आमच्याच लाइनीतल्या एक काकू, ज्यांचं सगळं सामान पाण्यात होतं आणि ज्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्यांच्या घरी राहत होत्या, त्या तिथल्या गॅसवर खिचडी करून स्टीलच्या डब्याला साडीची दोरी बांधून खालून जाणाऱ्या बोटवाल्यांना सोडत होत्या. मी म्हटलं काकू बसा जरा. म्हणाल्या बसले की रडू येतं. तुमचं १२०० पण त्याच जातीचं आहे भाऊ, म्हणून मी तुम्हाला 'देऊच नका' असं सांगणार नाही. वहिनींना पण हे सांगा, म्हणजे सांगायचा प्रयत्न करा.

आता किती द्यायचं, तर एक घरातली गोष्ट सांगते. माझे आजोबा १९३३ च्या सुमारास रत्नागिरीकडून बडोद्याला कलाभवनात शिकायला आले, वार लावून जेवायचे, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. तेव्हाही जगभर मंदीच होती. त्यांचा बुधवार दांडिया बाजारात एका बाईंकडे असायचा, नवरा वारलेला, पापड-मसाले करून घर चालवायच्या. आजोबा सांगायचे की आमटीत डाळ शोधावी लागायची पण पोळी गरम असायची आणि बाई समोर बसून वाढायच्या. एकदा गुरुवारच्या घरी सुतक आलं, आजोबा उपाशी, ते परत बुधवारच्या बाईंकडे गेले. बाई दारातच म्हणाल्या, "गुरुवार नाही रे जमायचा मला, बुधवार माझा." आजोबांना त्याचा राग नव्हता, उलट कौतुक होतं. त्या बाईंनी एका वारापेक्षा जास्त घेतला असता तर महिन्याभरात तो वार पण बंद पडला असता, हे पापड लाटणाऱ्या बाईला कळलेलं होतं.

तर तुमचा वार किती ते ठरवा. तुमच्याकडे हजार उरतात, त्यातले सातशे-आठशे आधी खात्यात राहू द्या, ही तारखांची ओढाताण संपेपर्यंत. दोनशे द्या. पगार आल्यावर, दहा-बारा तारखेला, हाताने पाठवायचे, ऑटोपे नाही. ज्या महिन्यात आईंचं औषध वाढलं त्या महिन्यात नाही द्यायचे. दोनशेची लाज वाटत असेल तर अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आठवा, माणशी एक पैसा गोळा करून त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला, कुणी घर विकून पैसे दिले नव्हते.

एफडीचं बोलू. ६० हजार म्हणजे तुमच्या घराचे बरोबर दोन महिने. मी एरवी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणते, तुमच्याकडे दोनचाच आहे आणि कंपनीत शिफ्ट कमी झालीये. हे पैसे पडून नाहीयेत, पहारा देतायत. मुदतीआधी मोडली तर व्याज कापून मिळेल ते आणखी वेगळं.

टॅक्सचं पण बघा. पट्टीवर 'टॅक्समध्ये सूट' लिहिलेलं असतं ते वाचून आपल्याला वाटतं चला थोडे परत येतील. आताचे ३१ हजार धरले तर तुमचं वर्षाचं उत्पन्न पावणेचार लाखाच्या आत. नव्या रेजीममध्ये २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत रिबेट आहे आणि तिथे दानावरची ८०जी ची सूट मिळतच नाही, जुन्यात सूट आहे पण तिथेही ५ लाखांपर्यंत टॅक्स शून्यच. शून्यातून काय वजा करणार? तुमच्यासाठी त्या पट्टीची किंमत शून्य रुपये. जे टॅक्स भरतात आणि जुन्या रेजीममध्ये आहेत त्यांनी मात्र संस्थेकडून दानाचं १०बीई सर्टिफिकेट मागून घ्यायचं, आणि २,००० च्या वर कॅश द्यायची नाही, सूट जाते.

एक महत्त्वाचं, हे सगळ्यांसाठी. तुमच्या ओळखीत, कंपनीत, गावाकडे कुणाच्या मुलाला जन्मापासून हृदयाचा त्रास असेल तर टीव्हीपर्यंत जायच्या आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विचारा. २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, जन्मजात हृदयदोष त्यात येतो, उपचार सरकारी खर्चाने. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीची टीम येते तिथून नाव पुढे जातं. कितीतरी घरं हे माहीत नसल्यामुळे दागिने मोडतात. दहा जणांना सांगितलंत तर तुमच्या ५० हजारांपेक्षा जास्त काम होईल.

आणि मन अगदीच ऐकत नसेल तर एसएसजीच्या, म्हणजे आपल्या सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत जाऊन या. हृदयाच्या ऑपरेशनला बरेचदा रक्त लागतं, पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, एक शिफ्ट कमी झाल्यामुळे तुम्हाला तेवढा वेळ पण आहे, आणि बाउन्स चार्ज लागत नाही.

बाकी एफडी मोडू का म्हणून मला विचारलंत खरं, पण तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत पहिलं नाव वहिनींचं आहे. तर तो प्रश्न माझ्याकडे कशाला पाठवलात?