सकाळी गारठा, दुपारी ऊन

माघ लागला की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांचा सूर एकच असतो. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी नकोसा होतो आणि तो काढल्यावर आतला पेहराव अपुरा वाटतो, अशी ती तक्रार असते. पंचांगात शिशिर फाल्गुन संपेपर्यंत चालतो आणि वसंत चैत्रात येतो, पण पठारावरच्या महाराष्ट्रात फेब्रुवारीतल्या एकाच दिवसात दोन्ही ऋतू भेटून जातात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे आपली वडीलधारी मंडळी सांगतात. ती पूर्ण जाईपर्यंतच्या या पाच-सहा आठवड्यांत नीटनेटके आणि देखणे कसे राहायचे, याविषयीची काही निवडक पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी नाशिकला एका महाविद्यालयात शिकवते. सकाळी पावणेसातला स्कूटरवरून निघते आणि दोनच्या सुमारास परतते. जाताना बोटे बधिर होतात आणि येताना घामाने कुडता चिकटतो. जाड स्वेटर दिवसभर खुर्चीच्या पाठीवर पडून राहतो आणि तो घातला तरी मला स्वतःला मी गबाळी वाटते. आठवड्यातून दोनदा साडीही नेसते. काय करावे?

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ स्वेटरच्या जाडीत आहे असे आपल्याला वाटते, परंतु मला ते त्याच्या जातीत दिसते. लोकरीची ऊब म्हणजे तिच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा. सुयांवर विणलेल्या स्वेटरच्या टाक्यांमध्ये फटी असतात, त्यामुळे घरात तो उबदार वाटला तरी स्कूटरवर समोरून येणारा वारा त्या फटींतून आत शिरतो आणि ती ऊब पळवून नेतो. म्हणून माणूस आणखी जाड स्वेटर घेतो आणि तरीही कुडकुडतो. वाऱ्याला अडवते ते मागावरचे घट्ट विणीचे कापड. जाडसर खादीचे, खणाचे किंवा साध्या डेनिमचे, आतून सुती अस्तर लावलेले आणि पुढून पूर्ण उघडणारे जाकीट आपण शिवून घ्यावे. त्याच्या आत अगदी पातळ लोकरी स्वेटर घातला, तरी दोन्ही मिळून जाड स्वेटरपेक्षा अधिक ऊब देतात आणि अंगावर निम्मीही जागा घेत नाहीत.

पुढून उघडणारे असा आग्रह धरण्याचे कारण असे की डोक्यावरून काढावा लागणारा कपडा केस विस्कटतो, कुडता वर ओढतो आणि भर स्टाफरूममध्ये काढणे अवघड होते, म्हणून आपण तो उकडत असतानाही अंगावर ठेवतो. जी वस्तू दिवसातून दोनदा काढायची आणि घालायची आहे, ती सहज निघाली पाहिजे, हे या ऋतूत मी रंगापेक्षाही महत्त्वाचे मानते.

आता दिसण्याविषयी. या दिवसांत पोशाखाची सुरुवात आतून करावी. अकरा वाजता जाकीट निघणार हे ठरलेलेच आहे, तेव्हा जाकिटाशिवायचा पेहरावच आधी पूर्ण असला पाहिजे. अनेकजणी वरचा कपडा देखणा निवडतात आणि आत जुना, विटलेला कुडता घालतात, मग दुपारी त्यांना ओशाळल्यासारखे होते. आत मलमल टाळावी, कारण जाकिटाखाली ती चुरगळते. मंगळगिरीसारखे किंचित अंग असलेले सुती कापड तास-दोन तास दबूनही बाहेर येताना बऱ्यापैकी सरळ राहते. बाह्या पाऊण असाव्यात, म्हणजे सकाळी जाकिटाच्या बाहीत त्यांचे बोळे होत नाहीत आणि दुपारी हात मोकळे राहतात. साडीच्या दिवशी हेच सूत्र पोलक्याला लावावे. पाऊण बाहीचे, गळा थोडा वर घेतलेले पोलके आणि त्यावर कमरेपर्यंतच येणारे आखूड जाकीट घातले, तर निऱ्या आणि पदर यांची ठेवण झाकली जात नाही. गुडघ्यापर्यंतचा स्वेटर साडीचा सगळा डौल गिळून टाकतो.

गळ्यासाठी एक लोकरी स्टोल पुरे. एक कळकळीची विनंती मात्र आहे. स्कूटरवर स्टोल, ओढणी आणि पदर यांची टोके जाकिटाच्या आत खोचून, जाकिटाची बटणे लावूनच निघावे. चाकात अडकलेल्या ओढणीने झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. हातमोज्यांचा संकोच बाळगू नये. चामड्याचे साधे तपकिरी हातमोजे अतिशय सुरेख दिसतात.

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी नागपुरात भाचीचे लग्न आहे. मुहूर्त दुपारचा आहे आणि स्वागत समारंभ रात्री मोकळ्या लॉनवर आहे. दरवर्षी अशा वेळी मी शाल गुंडाळून बसते आणि फोटोत फक्त शालच दिसते. मावशीला शोभेल असे काही सुचवा.

उत्तर : नागपूरला लग्न आहे, तर उत्तर विदर्भातच शोधू. पूर्व विदर्भाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून टसर रेशीम मिळते. गडचिरोलीतील आरमोरी आणि भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव येथील विणकरांचा या धाग्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. टसर तुतीच्या रेशमासारखे गुळगुळीत आणि चकचकीत नसते. त्याचा मूळ रंग मधासारखा असतो आणि पोत किंचित खरखरीत असतो. त्या पोतामुळेच ते अंगाला चिकटत नाही, दुपारी हवा खेळू देते आणि रात्री गारव्यात थंडगार पडत नाही. म्हणजे आपल्याला हवे असलेले दोन्ही गुण एकाच साडीत आहेत. या साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी विणली जाते, म्हणून तिला करवत काठी म्हणतात. गर्द तांबडे किंवा हिरवे काठ असलेली अशी साडी मावशीच्या मानाला साजेशी आहेच, शिवाय भाचीच्या शालूशी स्पर्धाही करत नाही. माझ्या मते विदर्भातल्या लग्नात बाहेरून आणलेल्या जड, खड्यांच्या साडीपेक्षा हिचा मान मोठा आहे.

नागपुरात त्या दिवसांत दुपारी पारा बत्तिशीच्या आसपास जातो आणि रात्री उशिरा 16-17 अंशांपर्यंत उतरू शकतो, तेव्हा रात्रीसाठी पोलके बदलावे. तीच साडी ठेवून दुपारी आखूड बाहीचे सुती पोलके आणि रात्री पूर्ण बाहीचे, अस्तर लावलेले रेशमी किंवा मखमली पोलके घातले, तर लोकांना पेहराव नवा वाटतो आणि आपल्याला दोन साड्यांची उस्तवार करावी लागत नाही.

शाल घ्यायचीच झाली, तर छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल घ्यावी. सुती आणि रेशमी धाग्यांच्या या विणीत वेलबुट्टीची नक्षी असते. तिची ऊब लोकरीइतकी नसली, तरी लॉनवरच्या गारव्याला ती पुरते. ती गुंडाळू नये. लांबीत तीन-चार घड्या घालून उजव्या खांद्यावरून पुढे सोडावी आणि मागचे टोक डाव्या कोपराच्या घडीत घ्यावे. डावा खांदा पदराचा आणि उजवा शालीचा, अशी वाटणी झाली की दोन्ही दिसतात. जेवणानंतर फार गारठा वाटला, तर तीच शाल उलगडून पाठीवर घेता येते.

प्रश्न : संक्रांतीला घेतलेली काळी साडी आता वर्षभर कपाटात ठेवायची का? उन्हाळा येतो आहे, म्हणून विचारते.

उत्तर : अजिबात नको. काळा रंग ऊन शोषून उष्णता धरतो, म्हणूनच थंडीतल्या सणाला त्याची योजना झाली, हे खरे आहे. भर दुपारी तो त्रास देईल, परंतु फाल्गुनातल्या संध्याकाळी तो छान शोभतो. फक्त सोबतचे रंग बदलावेत. संक्रांतीला काळ्याबरोबर आपण पांढरे हलव्याचे दागिने घालतो, आता त्याच्याजवळ बाहेर जे फुलते आहे ते आणावे. पळसाचा केशरी, काटेसावरीचा गुलाबी लाल, आंब्याच्या मोहराचा पिवळट हिरवा, पिंपळाच्या नव्या पालवीचा तांबूस, असे हे रंग आहेत. यांतल्या एका रंगाचे पोलके काळ्या चंद्रकळेवर घालून पाहावे. एकच रंग घ्यावा. दोन घेतले की साडी हरवते. वसंत ऋतूचे रंग म्हणून बाजारात आपल्यासमोर फिकट गुलाबी आणि फिकट निळे कपडे मांडले जातात, ते धुक्याच्या आणि मवाळ उन्हाच्या देशांत खुलतात. आपल्या प्रखर उन्हात मात्र ते विटके दिसतात. आपला वसंत भडक आहे आणि त्याचे मला फार कौतुक आहे.

प्रश्न : माझे वय 71 आहे. पुण्यात राहतो. पहाटे पर्वती चढतो, तिथून मित्रांबरोबर नाश्ता आणि वाचनालय असा क्रम असतो, घरी परतायला बारा वाजतात. माकडटोपी आणि जुने जर्किन पाहून नात नाराज होते. या वयात पेहरावाचा विचार करावा का?

उत्तर : जरूर करावा, आणि नातीचे ऐकावे. वाढत्या वयात थंडी अधिक बाधते, म्हणून ऊब कमी करू नये, तिची मांडणी बदलावी. पूर्ण बाहीचा सुती सदरा, त्यावर बिनबाह्यांचा बारीक विणीचा लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर खादीची बंडी अशी रचना आपल्याला उत्तम दिसेल. छाती आणि पाठ उबदार राहिली की हातांना एका बाहीचा आधार पुरतो. पर्वती चढताना घाम येतो. वर पोहोचल्यावर बंडीची बटणे मोकळी करावीत, पण घाम निवेपर्यंत स्वेटर काढू नये, कारण ओल्या सदऱ्यावर वारा लागला की एकदम हुडहुडी भरते. स्वेटर नाश्त्याच्या वेळी काढून पिशवीत ठेवावा आणि वाचनालयात सदरा आणि बंडीवर जावे. बंडी राखाडी न घेता गर्द निळी किंवा विटकरी घ्यावी. पांढऱ्या केसांना हे रंग फार खुलवतात. माकडटोपीऐवजी कान झाकणारी साधी लोकरी टोपी आणि मफलर वापरला, तर कान सुरक्षित राहतील आणि चेहराही दिसेल.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी लंडनला आलो. पाडव्याच्या कार्यक्रमाला आईची पैठणी नेसायची आहे, पण इथे मार्चमध्येही बोचरी थंडी असते. मागच्या वर्षी वर जाड जॅकेट घातले, तर आत हॉलमध्ये घामाघूम झाले.

उत्तर : लंडनमध्ये मराठी मंडळी 1932 पासून महाराष्ट्र मंडळाच्या निमित्ताने एकत्र येत आहेत, त्यामुळे या प्रश्नाशी आपल्याआधी अनेकींनी झुंज दिलेली आहे. तिथे मार्चमध्ये सकाळी 4-5 अंश आणि दुपारी 11-12 अंशांच्या आसपास तापमान असते, पण हॉलमधल्या हीटरमुळे आत 20 अंश असतात. म्हणजे नाशिकच्या बाईंना जो फरक सकाळ आणि दुपार यांच्यात सोसावा लागतो, तो आपल्याला दाराच्या आत आणि बाहेर सोसावा लागतो. म्हणून ऊब दोन ठिकाणी वाटावी. परकराखाली पातळ लोकरी लेगिंग घालावे. पायांना आतही फारसे उकडत नाही. वर मेरिनो लोकरीचा, अंगाबरोबर बसणारा, उंच गळ्याचा पातळ स्वेटर पोलके म्हणून घालावा. काठाच्या रंगाचा घेतला तर पैठणीवरचे मोर त्यावर असे उठून दिसतात की पोलके शिवायची गरजच वाटत नाही. बाकी सगळी थंडी कोटाने अडवावी. कोट पोटरीपर्यंत लांब आणि सरळ कटाचा असावा, पदर त्याच्या आत खांद्यावर नीट पिन लावलेला असावा आणि तो दारातच काढून ठेवावा. जाड फुगीर जॅकेटाने पदर चुरगळतो, आणि आईच्या पैठणीचे तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

घोट्यापर्यंतचे बूट घालून निघावे आणि चपला पिशवीत न्याव्यात. अत्तर साडी नेसण्याआधी लावावे, कारण ते जरीवर पडले की जर काळवंडते. पावसाचे थेंब पडलेच, तर मऊ सुती कापडाने टिपून साडी सावलीत वाळू द्यावी, पुसू नये.

प्रश्न : थंडी गेल्यावर लोकरीचे कपडे ठेवताना दरवर्षी भोके पडतात. डांबरगोळ्याही ठेवतो. (कोल्हापूर)

उत्तर : ती भोके कसरीच्या अळ्यांची आहेत. घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना विशेष आवडते, म्हणून एकदाच घातलेला स्वेटरही न धुता आत ठेवू नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, टॉवेलवर आडवा पसरून वाळवावा. टांगला तर ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबतो. पूर्ण वाळल्यावर जुन्या सुती धोतरात किंवा साडीत बांधून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते. डांबरगोळ्या कपड्यांना थेट लागू देऊ नयेत आणि लहान मुलांच्या हाती पडणार नाहीत याची काळजी घ्यावी. कडुनिंबाचा पाला आपण वापरत असाल, तर तो सावलीत कुरकुरीत वाळवूनच घालावा, कारण ओलसर पाल्याचे डाग निघत नाहीत. एक स्टोल आणि एक पातळ स्वेटर मात्र होळीपर्यंत बाहेरच असू द्यावा.