समुद्री प्लँक्टनच्या, म्हणजे पाण्यावर तरंगत वाहत जाणाऱ्या बारीक जीवांच्या, सामायिक डेटाबेसमधल्या चुकीच्या नोंदी काढून टाकाव्यात का? बेळगावात राहून या कामाला हातभार लावता येईल का?

दुसरा प्रश्न थोडा थांबू दे. पहिल्याचं उत्तर: काढू नका. एकही नाही.

मी खानापूर तालुक्यातली. एमएस्सी कारवारला केली, कर्नाटक विद्यापीठाच्या कोडीबागेतल्या सागरी जीवशास्त्र विभागात. त्यानंतर किनाऱ्यावरच्या एका संस्थेच्या प्रकल्पात मोजणीचं काम केलं. बोगोरोव्ह ट्रे म्हणजे मोजणीच्या खाचांच्या तबकात नमुना ओतायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातला बारीक जीव) ओळखायचा आणि आकडा लॉगशीटवर चढवायचा. प्रकल्प संपत आला तेव्हा आधीच्या लोकांच्या आणि आमच्या सगळ्या लॉगशीट संगणकात घालायचं ठरलं. ज्या साहेबांकडे ते काम आलं ते संगणकात तरबेज होते, पण नेट, म्हणजे प्लँक्टन धरायचं बारीक जाळं, ओढताना बोटीवर कधी उभे राहिलेले नव्हते.

त्यांनी सगळे बिंदू नकाशावर टाकले आणि जमिनीवर पडले ते गाळले. गाळलेल्यांची यादी सहज माझ्या नजरेला पडली. त्यात एक हॉल, म्हणजे एकदा नेट ओढून मिळालेला नमुना, होता १५ अंश ५० मिनिटं उत्तर, ७४ अंश ३० मिनिटं पूर्व. बेळगावच्या माणसाला हे आकडे ओळखीचे असतात, ते आपलं बेळगाव. टंकताना ७३ चे ७४ झाले होते. ७३ अंश ३० मिनिटं धरलं की तोच बिंदू वेंगुर्ल्यासमोर, किनाऱ्यापासून चौदा-पंधरा किलोमीटर आत समुद्रात पडतो. मूळ रजिस्टर काढलं. आधीचं आणि नंतरचं स्टेशन, म्हणजे नमुना घ्यायची जागा, त्याच अक्षांशाच्या रेषेवर, वेळा क्रमाने लागलेल्या, खोली वीस-पंचवीस मीटर. शंकेला जागाच नव्हती. कागद घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, "हजारो ओळी आहेत बाई. एक गेली तर काय बिघडतं?"

काय बिघडतं ते तेव्हा मला पुरतं बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहिते. तो हॉल सप्टेंबरचा होता. जून ते ऑगस्ट आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, लहान बोटी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पावसाळ्याच्या नोंदी सगळीकडेच विरळ. आणि पावसाळा सरता सरता खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून आलेलं असतं. त्या पाण्यात कोणते कोपेपॉड टिकतात आणि कोणते दिसेनासे होतात, हे सांगणाऱ्या ओळी मुळात किती? जानेवारीतली एक गेली तर शेजारी दुसरी मिळेल. सप्टेंबरच्या ओळीला शेजारच नसतो. शिवाय गाळलेली ओळ गाळली आहे हे पुढच्या माणसाला कळतसुद्धा नाही. चुकीचा बिंदू निदान डोळ्यांत खुपतो, म्हणून कुणीतरी कागद उघडून बघतो.

तेवढ्यावर थांबलं नाही. लॉगशीटवरचे रिकामे रकाने त्यांनी शून्यांनी भरले. आता ज्याने फक्त कोपेपॉड मोजले, त्याने सायफोनोफोरचा (जेलीफिशच्या नात्यातल्या जीवांचा) रकाना रिकामा सोडला. म्हणजे त्या दिवशी समुद्रात सायफोनोफोर नव्हते का? त्याने बघितलेच नव्हते. "बघितले, पण सापडले नाहीत" आणि "बघितलेच नाहीत" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ अॅलिस्टर हार्डींच्या यंत्राने १९३१ पासून चाललेली अटलांटिकमधली नोंद आजही वापरता येते, त्याला हेही एक कारण आहे. मालवाहू जहाजांच्या मागे रेशमी जाळीचं यंत्र ओढतात, पद्धत मुद्दामच फारशी बदललेली नाही, आणि कोणता जीव कधीपासून मोजायला घेतला याचीही नोंद ठेवतात.

नेटचं तर विचारूच नका. काही वर्षं ३३० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या भोकांची जाळी होती, पुढे २०० ची आली. ओइथोना हा बारीक, सडपातळ कोपेपॉड. ३३० मधून तो भराभर निसटतो, २०० मध्ये अडकतो. जाळीचा रकानाच वगळल्यावर आलेखात ओइथोना एकदम वाढलेला दिसला, आणि त्यावर समुद्र बदलतोय म्हणून चर्चा सुरू झाली. नेट बदलल्याचं मी बैठकीत सांगितलं. मला माझ्या मोजणीकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने तर वेगवेगळ्या देशांच्या जहाजांना मुद्दाम एकच प्रमाण नेट दिलं होतं, २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत ओढायचं, आणि नमुने निवडायला कोचीला वेगळं केंद्र काढलं होतं. तेव्हाच्या लोकांना जे कळलं होतं ते आम्ही एक्सेलमध्ये घालवलं.

नावांचंही तेच. सेरॅशियम हा एकपेशीय प्लँक्टन, त्याच्या समुद्रातल्या जाती आता ट्रायपोस या प्रजातीत गेल्या आहेत. म्हणून जुन्या लॉगशीटमधल्या 'सेरॅशियम फुर्का'वर सरसकट 'ट्रायपोस फुर्का' चढवलं, मूळ नाव गायब. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "उताऱ्यावर असं केलं असतं तर तलाठी घरी गेला असता की गं." बरोबरच आहे. उताऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा नंबर येतो, आणि जुनं नाव वाचता येतंच. डेटाबेसमध्ये याहून वेगळं काही करायचं नसतं. सागरी जातींची जागतिक नोंदवही, जिला सगळे वर्म्स म्हणतात, तिच्यातही जुनं नाव पुसत नाहीत. ते आता मान्य नाही असा शेरा मारून नव्या नावाशी जोडतात, आणि दोघांनाही आपापला क्रमांक असतो.

आता तुम्ही काय करू शकता. प्रणाली कोणती वापरायची हा प्रश्न माझ्या मते शेवटचा आहे. रकाने डार्विन कोअरप्रमाणे, म्हणजे जीवांच्या नोंदींसाठी जगभर ठरलेल्या रकान्यांच्या नावांप्रमाणे, ठेवलेत की ओबिसमध्ये, म्हणजे युनेस्कोच्या छत्राखालच्या सागरी जैवविविधतेच्या जागतिक डेटाबेसमध्ये, नोंदी पुढे पाठवता येतात. बाकी तुमची तुम्ही बघाल. माझं म्हणणं एवढंच की मूळ आकडा, मूळ नाव, मूळ एकक एका रकान्यात जसंच्या तसं राहू दे. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, कुणी केली आणि कशावरून केली यासकट.

आणि बेळगावात बसून एक काम होतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला जमणार नाही. कारवारकडच्या लॉगशीटमध्ये शेऱ्याचा रकाना असतो. त्यात कुणी कन्नडमध्ये लिहिलेलं असतं, कुणी मराठीत, कुणी कोकणीत. आपल्याला कन्नड आणि मराठी दोन्ही घडाघड वाचता येतं, कोकणी लागते. आमच्याकडे तो रकाना "मजकूर आहे, आकडा नाही" म्हणून सोडून दिला. त्यात काय होतं? "जाळं फाटलं." "पाण्यावर भुशाचा तवंग, नेट तुंबलं." भुसा म्हणजे ट्रायकोडेस्मियम या तरंगत्या सूक्ष्मजीवाचा बहर, मार्च-एप्रिलमध्ये आपल्या किनाऱ्यावर येतो तो. नेट तुंबलं की गाळलेलं पाणी कमी भरतं, आणि फ्लोमीटर (नेटमधून किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र) नसताना काढलेला घनमीटरमागचा आकडा खोटा पडतो. म्हणजे त्या एका ओळीत बहराची नोंदही आहे आणि आकड्याबद्दलची ताकीदही. असले शेरे उतरवून द्या. या कामाला पदवी लागत नाही, वाचता येणारं आणि चिकाटीचं माणूस लागतं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. एकच हॉल दोन संस्थांकडून दोनदा आलेला असतो, तेव्हा दोन्ही मोजून चालत नाही. एकमेकांना जोडा आणि मोजताना एकच धरा. मूळ कागद मिळत नसेल तर ७४ चे ७३ अंदाजाने करू नका, खूण करून ठेवा. मी ठामपणे बोलले कारण रजिस्टर माझ्या हातात होतं. आणि आत्ताच्या हवामानाच्या हिशेबासाठी स्वच्छ, गाळीव संच लागतो हे मलाही मान्य आहे. तो वेगळा काढा, मूळ संचाला हात न लावता.

मोजणाऱ्याचं नाव मात्र सोडू नका. ओळख कुणी पटवली यासाठी डार्विन कोअरमध्ये स्वतंत्र रकाना आहे, आणि तो मानासाठी नाही. अकार्टिया या कोपेपॉडच्या जाती वेगळ्या काढणारी बाई आणि सगळ्यांना नुसतं 'अकार्टिया' लिहिणारा मुलगा यांचे आकडे एकाच मापाने वाचता येत नाहीत. कुणी मोजलं हे माहीत असेल तरच जाती कमी झाल्या की मोजणारा बदलला ते कळतं. आमच्या संचात तिथे फक्त प्रकल्पप्रमुखांचं नाव आहे. लॉगशीटवर प्रत्येकीच्या सह्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा लॉगशीट पुढे रद्दीत गेल्या. ज्यांचे फोटो मी काढून ठेवले होते त्या आता संध्याकाळी बसून, सह्यांसकट, उतरवते आहे. कन्नड अक्षर चांगलं वाचता येत असेल तर निरोप टाका, शेऱ्यांचं काम वाटून घेऊ.