सील बदलण्याआधी पाइप बघ

भावा, बाइकच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय म्हणून लगेच नवं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) टाकायची घाई करू नको. मालवण-देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात शॉकअपच्या पाइपच्या क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि त्यांच्या कडाच सील कापतात. पाइपवरून नख फिरव. अडकलं, तर २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हाताने घास. मी एकदा हे टाळलं, नवं सील पंधरा दिवसांत गळलं. खड्डा खोल असेल तर पाइपच बदल.

वरची कॅप शॉकअप गाडीवर असतानाच सैल कर, पाइप धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून. पूर्ण काढताना मात्र तोंड बाजूला ठेव, आत स्प्रिंग दाबलेली असते. ऑइल मॅन्युअलप्रमाणे, दोन्ही शॉकअपमध्ये मोजून सारखंच. धूळ अडवणारं डस्ट सीलही नवंच टाक.