एटीकेज या एन्झाइमची उपएककं (ज्या भागांनी ते बनतं ते) सुटी केली तर त्याचं नियंत्रण टिकतं का?

नाही, एन्झाइमचं काम चालू राहतं, पण नियंत्रण जातं. ई. कोलाय या जिवाणूमधलं हे एन्झाइम (पूर्ण नाव अस्पार्टेट ट्रान्सकार्बामॉयलेज) 12 प्रथिन-साखळ्यांचं असतं: 6 उत्प्रेरक, दोन तिकडींत, आणि 6 नियामक, तीन जोड्यांत. गेरहार्ट आणि शॅकमन यांनी 1965 मध्ये पाऱ्याचं संयुग वापरून ते सुटं केलं. नियामक साखळीत चार सिस्टीननी झिंकचा आयन धरून ठेवलेला असतो; पारा त्या सिस्टीनना चिकटला की झिंक निसटतं आणि जोडणी उसवते. सुटलेली तिकडी उलट जास्तच जोमाने काम करते (पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं), पण सीटीपी (एरवी या एन्झाइमला आवर घालणारा रेणू) कितीही घाला, तिला फरक पडत नाही, कारण सीटीपी बसतो नियामक साखळीवर. अस्पार्टेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) वाढवत नेला की वेग कसा बदलतो, त्या आलेखाचा 'एस' आकारही जातो, साधा वक्र उरतो. पारा काढून झिंक दिलं की भाग पुन्हा जुळतात आणि नियंत्रणही परततं. मात्र हे सगळीकडे लावू नका: बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूमध्ये हेच एन्झाइम नुसती तिकडी असतं, नियामक साखळ्यांशिवाय.