‘किती टक्के?’च्या आधी ‘कशापैकी?’

विचारणा अशी आहे: मुलीच्या वहीत गणित आहे. ‘दुधाच्या १००० नमुन्यांत २० भेसळीचे. यंत्र त्या २० मधले ९० टक्के पकडते, पण चांगल्या नमुन्यांतल्या ५ टक्क्यांवरही ‘भेसळ’ असा शिक्का मारते. चुकून शिक्का बसलेले नमुने किती टक्के?’ मुलीचं उत्तर ४.९, उत्तरसूचीत ७३. बरोबर कोण?

आकडेमोड दोघांचीही बरोबर आहे. चुकली आहे ती प्रश्नाची मराठी.

आधी हिशेब. भेसळीचे पकडले १८. चांगले ९८०, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९. एकूण शिक्के ६७. चुकून शिक्का बसलेले ४९च, यात वाद नाही. पण हे ४९ कशापैकी? सगळ्या १००० पैकी म्हटलं तर ४.९ टक्के, चांगल्या ९८० पैकी म्हटलं तर ५, आणि शिक्का बसलेल्या ६७ पैकी म्हटलं तर जवळजवळ ७३. आकडा तोच, नुसता ‘पैकी’ सरकला!

खरेदीखतात ‘गट नंबर ११२ पैकी २० आर’ असं लिहितात. त्यातला गट नंबर खोडला तर उरलेल्या २० आरला कुणी हात लावणार नाही. टक्क्यांचंही तसंच आहे. जुना ‘शेकडा’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो. ‘शेकडा पाच’ म्हटलं की ‘शंभर कशाचे?’ हे आपसूक तोंडात येतं. ‘टक्के’ म्हणताना ते शंभर नजरेआड होतात.

‘अचूक’ हा शब्दही इथे जपून वापरावा. ‘९५ टक्के अचूक यंत्र’ वाचलं की आपण मनात ‘शिक्का बसला म्हणजे ९५ टक्के भेसळच’ असं करून टाकतो. या गणितातलं यंत्र १००० पैकी ९४९ नमुन्यांचा निकाल बरोबर देतं, म्हणजे ९४.९ टक्के अचूक. तरी त्याच्या दर चार शिक्क्यांतले साधारण तीन चांगल्या दुधावर बसतात. चांगले नमुने ९८०, भेसळीचे अवघे २०, त्यामुळे असं होतं.

प्रश्न ‘शिक्का बसलेल्या नमुन्यांपैकी किती टक्के चांगले होते?’ असा हवा होता. मुलीला तिचे गुण द्यावेत. प्रश्नात न लिहिलेला ‘पैकी’ तिने सगळ्या नमुन्यांना लावला, आणि तसं वाचायला त्या वाक्यात पूर्ण वाव आहे.