तंबू रेडवूडमध्ये, शहरात बोटीने

प्रश्न : ताई, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा नवरा लॉस एंजेलिसहून भाड्याच्या गाडीने, समुद्राकाठचा हायवे १ धरून सॅन फ्रान्सिस्कोला निघतोय. हॉटेल नको, तंबूतच राहायचं, यावर दोघांचं एकमत आहे. वाद एवढाच की ह्यांना सगळ्या सामानासकट गाडी थेट शहरात घालायची आहे, आणि तिथले उभे रस्ते नुसत्या व्हिडिओत बघूनही माझ्या पोटात गोळा येतो. दोघंही ऑटोमॅटिक गाडी चालवतो. तंबू कुठे टाकावा? आणि उन्हाळा आहे, तेव्हा गरम कपड्यांचं ओझं नकोच ना?
— एक वाचक, लॉस एंजेलिस

उत्तर : कपड्यांचं आधी सांगते, कारण थंडीत कुडकुडत काढलेली एक रात्र पुढच्या सगळ्या दिवसांची मजा घालवते. गरम कपडे घ्याच. जुलैत सॅन फ्रान्सिस्कोत भर दुपारीही पारा २० अंशांच्या आसपासच असतो. या किनाऱ्याला समुद्राच्या पोटातलं गार पाणी वर येतं आणि त्यावरून येणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं. तिकडे आत सेंट्रल व्हॅली, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मधलं सपाट खोरं, तापलं की तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला हे धुकं गोल्डन गेटच्या, म्हणजे शहराजवळच्या सामुद्रधुनीच्या, फटीतून आत ओढलं जातं. आत जितकं तापेल तितकं शहर गारठतं. इथला खरा उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. जीन्स आणि सुती मोजे एकदा ओले झाले की वाळत नाहीत, म्हणून झोपताना घालायचा लोकरीचा एक जोड वेगळा, कोरडा ठेवा.

आता तंबू. शहराच्या हद्दीत प्रेसिडिओ या मोठ्या उद्यानात रॉब हिल नावाची जागा आहे, पण ती मोठ्या गटांसाठी. दोघांना मी सॅम्युएल पी. टेलर स्टेट पार्क सुचवेन. गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला, मरिन काउंटीत, रेडवूडच्या उंच झाडांखाली आणि लागुनितास ओढ्याच्या काठाला. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच भरतात, त्यामुळे आता मधल्या वारांच्या रद्द झालेल्या जागांवर रोज नजर ठेवावी लागेल. धुकं असलं की रेडवूडच्या पानांवर ते गोळा होतं आणि पाऊस नसतानाही थेंब पडत राहतात. तंबूचं वरचं आवरण आभाळ स्वच्छ दिसलं तरी चढवा, मात्र झडपा उघड्या ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाने आतून सगळं ओलं होतं. खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका, रॅकून रात्री बरोबर शोधून काढतात. लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या, कारण लाकडाबरोबर झाडांचे रोग आणि किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. आणि तीन-तीन पानांचे चकचकीत झुपके दिसले तर लांबूनच जा. तो पॉइझन ओक. त्याचं तेल कपड्यांना चिकटून राहतं आणि मग अंगभर खाज सुटते.

दोन रात्री एकाच जागी घ्या, म्हणजे सकाळी तंबू उभाच राहतो, सामान तिथेच राहतं आणि गाडी रिकामी होते. माझा सगळा आग्रह या रिकाम्या गाडीसाठी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत गाडीच्या काचा फोडून चोऱ्या होतात. सीटवर दिसणारी साधी पिशवीही पुरते. रिकामी गाडी मरिनमधल्याच लार्क्सपर गावच्या धक्क्यावर लावा आणि बोटीने शहरात जा. अर्ध्या-पाऊण तासात शहरातल्या फेरी बिल्डिंग या धक्क्याला पोचता. वाटेत पूल, अल्काट्राझचं जुन्या तुरुंगाचं बेट आणि धुक्यातून वर आलेल्या टेकड्या, सगळं डेकवरून दिसतं. परतीची शेवटची बोट कितीची ते सकाळीच बघून ठेवा.

शहरातले चढ केबल कारने चढा. १८७३ पासून ही गाडी रस्त्याखाली अखंड फिरणाऱ्या पोलादी दोराला पकडून चालते. वेग ताशी १५ किलोमीटर. गाडी गेल्यावर रुळांमधल्या फटीपाशी क्षणभर थांबलात तर खाली दोराची घरघर ऐकू येते. मेसन आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या संग्रहालयात तो दोर ओढणारी प्रचंड चाकं फुकट बघता येतात. तिथे जाच.

आणि तुमच्या ह्यांची हौस? तीही पुरवा, पण रिकाम्या गाडीने आणि भल्या सकाळी. फिल्बर्ट रस्त्याचा हाइड ते लेव्हनवर्थमधला तुकडा ३१.५ टक्के उताराचा आहे. तो पायी उतरायला ठेवा. चढावर गाडी उभी करताना क्रम असा : पाय ब्रेकवरच ठेवून गिअर न्यूट्रलला, मग हँडब्रेक पूर्ण ओढायचा, मग पाय हळूच सोडायचा. गाडी किंचित मागे सरकून हँडब्रेकवर बसते. ती बसली की मगच ‘पी’. थेट ‘पी’ केलं तर सगळा भार गिअरमधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो आणि निघताना धाडकन झटका बसतो. तोंड चढाकडे असेल तर पुढची चाकं रस्त्याकडे वळवा, उताराकडे असेल तर फुटपाथकडे. गाडी सुटलीच तर चाक फुटपाथच्या कडेला अडतं. ३ टक्क्यांहून जास्त उतारावर चाकं वळवणं तिथे बंधनकारक आहे, नाहीतर दंड. आणि हे सगळं आधी तुम्ही स्वतः एखाद्या सौम्य चढावर चार वेळा करून बघा, नुसतं शेजारी बसून नाही. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की पोटातला गोळा बराच कमी होतो.

निघण्यापूर्वी दोन चौकश्या करा. हायवे १ बिग सर या डोंगराळ किनाऱ्याजवळ दरडींनी बंद पडतो. २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगर खाली आला, तो रस्ता जुलै २०१८ मध्ये खुला झाला. म्हणून कॅलट्रान्सची, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याची, माहिती आदल्या रात्री आणि सकाळी बघा. बंद असला तर हायवे १०१ ने या. दुसरी चौकशी गाडी भाड्याने देणाऱ्यांकडे. गोल्डन गेट पुलावर रोख टोल घेत नाहीत. उत्तरेला जाताना टोल नाही, दक्षिणेला परतताना आहे, आणि भाड्याच्या गाडीला त्यावर वेगळा आकार लागू शकतो. तो किती, हे किल्ली हातात घेण्याआधी विचारा.