व्हीआरमधलं बटण 'मीच दाबलं' असं का वाटत नाही?

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरसाठी (आभासी जगासाठी) बनवलेलं बटण, हातातल्या कंट्रोलरचं व्हायब्रेशन पूर्ण जोरावर, तरीही वापरणाऱ्याला ते आपोआप दाबलं गेल्यासारखं वाटतं, असं तुम्ही विचारलंय. जोर कमीच करा. चूक बहुतेक वेळेची आहे.

हात हलवतानाच पुढे काय जाणवणार याचा अंदाज मेंदू बांधून ठेवतो. स्पर्श त्या अंदाजाबरहुकूम आला तर कृती आपली वाटते. आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली लोकांना डाव्या हाताने एक यंत्र हलवायला लावलं. त्या हालचालीनुसार उजव्या तळव्यावर फोम फिरायचा. मध्ये १००, २००, ३०० मिलिसेकंदांचा उशीर घातला, तर स्वतःचाच स्पर्श जास्त गुदगुल्या करू लागला. म्हणजे तो परक्याचा वाटू लागला!

आता तुमचा उशीर मोजा. फोनचा माइक कंट्रोलरला चिकटवून रेकॉर्डिंग लावा, कंट्रोलरचा ट्रिगर (बोटाने दाबायचा खटका) दाबल्याबरोबर पल्स, म्हणजे व्हायब्रेशनचा छोटा झटका, जाईल असं तात्पुरतं करून ट्रिगर झटकन दाबा. ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडलीत की ट्रिगरची 'टक' आणि मागून मोटरची गुणगुण वेगळी दिसेल. दोन्हींमधलं अंतर म्हणजे ट्रिगर दाबल्यापासून मोटर सुरू होईपर्यंतचा उशीर.

बटणाला हात लागल्याचं ऑनट्रिगरएंटरवर (दोन वस्तू भिडल्या की युनिटी चालवतं ते फंक्शन; कंट्रोलरच्या ट्रिगरशी याचा संबंध नाही) ओळखत असाल तर त्यात आणखी भर पडते. ते फिजिक्सच्या ठोक्यावर चालतं आणि फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर, मुळात ०.०२ सेकंद असतो, म्हणजे २० मिलिसेकंद तिथेच जाऊ शकतात. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटला तो ०.०१११ करा. बटण खाली जाण्याचं ॲनिमेशन संपल्यावर पल्स पाठवणं ही तर नेहमीची चूक. ज्या फ्रेमला (चित्राला) बटण दाबलं गेल्याचं ठरतं त्याच फ्रेमला पल्स आणि आवाज दोन्ही सोडा.

सुरुवातीला पल्सचा जोर ०.४ (पूर्ण जोर म्हणजे १), कालावधी ०.०२ सेकंद ठेवून बघा. पल्स पाठवणारं युनिटीचं सेंडहॅप्टिकइम्पल्स हे फंक्शन कालावधी सेकंदात मोजतं, ब्राउझरमधल्या व्हीआरसाठीच्या वेबएक्सआरचं 'पल्स' फंक्शन मिलिसेकंदात. कोड इकडून तिकडे नेताना इथे हमखास घोळ होतो. जुन्या पद्धतीची, वजन फिरवणारी मोटर असेल तर तिला वेग घ्यायलाच वेळ लागतो. २० मिलिसेकंदांत काहीच कळणार नाही, कालावधी वाढवावा लागेल.

खरा हात पुढे गेला तरी दिसणारा हात बटणावरच थांबवा. तो आरपार जाताना दिसला तर पल्स कितीही अचूक असो, पटत नाही.

आणि बोट टेकलेलं असताना सतत गुरगुर नको. त्वचा बदल टिपते, त्यामुळे सततचं व्हायब्रेशन थोड्याच वेळात बोथट होतं. दाबताना एक पल्स, सोडताना त्याच्या निम्म्या जोराची दुसरी, एवढं पुरतं.